दुनळीचा नाद

त्यांनी नळ्यांची जोडी ॲक्शनपासून, म्हणजे बंदुकीच्या मधल्या यंत्रभागापासून, सोडवली, बुडाशी असलेल्या आकड्यात एक बोट अडकवलं आणि तीस इंचांच्या त्या दोन नळ्या हवेत लोंबत्या धरल्या. दुसऱ्या हाताच्या पेराने हलकीशी टिचकी मारली. खोलीत एक लांब, स्वच्छ नाद उठला. दुपारी देवळात कुणी नसताना घंटेला चुकून हात लागावा, तसा. तो विरेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग फळीवरून दुसरी जोडी उचलली, तशीच धरली, तशीच टिचकी मारली. या वेळी नुसतं 'थद्द'.

"ऐकलंस, बॅब? हिची पट्टी सुटलीय."

'बॅब' हा खास बर्मिंगहॅमचा शब्द. इथली वयस्क माणसं कुठल्याही मुलीबाळीला मायेने तशी हाक मारतात, आमच्या तळकोकणात 'बाय' म्हणतात तशी. मी पन्नाशीला आले तरी त्यांच्या लेखी बॅबच. ते स्वतः अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. १९६२ साली, पंधराव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या 'गन क्वार्टर'मध्ये उमेदवारीला लागले आणि तेव्हापासून त्यांनी दुसरं काही केलं नाही. आता श्रॉपशरमधल्या एका खेड्यात, घरामागच्या विटांच्या खोलीत जुन्या दुनळी बंदुका नीट करतात. 'नाव छापू नकोस, लोक येत राहतील आणि माझं काम राहील,' एवढी एकच अट त्यांनी घातली. गेलं वर्षभर मी महिन्या-दीड महिन्याने त्यांच्याकडे जाऊन बसत होते.

मडकं विकत घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तीच ही परीक्षा. दुनळीच्या दोन नळ्या वेगवेगळ्या घडवलेल्या असतात. त्यांच्यामध्ये वर एक आणि खाली एक अशी पट्टी कथलाने झाळून बसवतात. झाळ शाबूत असेल तर सगळं मिळून एकच वस्तू होते आणि ती एका सुरात वाजते. झाळ कुठे सुटली की तिथून पाणी शिरतं, पट्टीच्या पोटात गंज बसतो, वरून बंदूक चकचकीत आणि आतून पोखरलेली. असं दुखणं डोळ्यांना दिसत नाही. ते कानाला कळतं.

मी या खोलीपर्यंत पोचले ते आजोबांच्या बंदुकीमुळे. आमच्या घरी बारा बोअरची दुनळी होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. रानडुकरं भातात उतरली, की आजोबा मांगरात बसून राहायचे आणि बहुतेक वेळा नुसता हवेत बार काढायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आणले होते, आणि आजोबा कायदा पाळणारे होते. दसऱ्याला ती बंदूक पाटावर यायची, तिला हळदकुंकू आणि आपट्याचं पान वाहायचं. एरवी महिन्यातून एकदा ते ती उघडून नळ्यांत फडक्याचा बोळा फिरवायचे आणि बाहेरून खोबरेल तेलाचा हात द्यायचे. आम्ही मुलं जवळ सरकलो की पहिल्यांदा ती मोडून, म्हणजे मधून उघडून, आतली रिकामी घरं दाखवायची आणि मग म्हणायचं, "रिकामी आसली तरी भरलेलीच समजूची." श्रॉपशरच्या खोलीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या गृहस्थांनी बंदूक माझ्या हाती देण्याआधी हेच केलं. उघडली, दोन्ही घरं दाखवली, मग दिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पाहिलं, पण विचारलं काही नाही.

आजोबांच्या बंदुकीच्या नळ्यांखाली, जिथे त्या ॲक्शनवर टेकतात तिथे, तीन बारीक छाप होते: तीन मुकुट आणि त्यांच्याखाली इंग्रजी अक्षरांच्या जोड्या, बी. पी., बी. व्ही. आणि एन. पी. मला वाटायचं, हा राणीचा शिक्का. तो राणीचा नव्हता. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा होता. बी. पी. म्हणजे काळ्या दारूची परीक्षा, बी. व्ही. म्हणजे तपासनीसाची नजर, एन. पी. म्हणजे बिनधुराच्या दारूची परीक्षा. हा संच १९०४ ते १९५४ या काळातला. म्हणजे ज्या शहरात मी एकोणीस वर्षं राहते आहे, तिथल्या बॅनबरी स्ट्रीटवरच्या एका इमारतीत आजोबांच्या बंदुकीतून पहिला बार निघाला होता. त्या काळी हिंदुस्थानात आलेल्या कितीतरी बंदुकांच्या पट्टीवर कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा अशा दुकानांची नावं कोरलेली असत आणि पोटात छाप बर्मिंगहॅमचा. दुकानदाराचं नाव वर, कारागिराचं कुठेच नाही.

कारागीर एक नसायचाच मुळी. स्टीलहाउस लेन, लव्हडे स्ट्रीट, प्राइस स्ट्रीट या गल्ल्यांमध्ये बंदूक हातोहात फिरत घडायची. एक जण नळ्या करायचा, दुसरा दस्ता, तिसरा नुसती नक्षी. लॉकं तर शहराबाहेर डार्लास्टनला घासली जात. हे गृहस्थ उमेदवारीच्या पहिल्या वर्षी पोत्यात गुंडाळलेल्या नळ्या खांद्यावर टाकून एका माडीवरून दुसऱ्या माडीवर नेण्याचं काम करत. याच शहरातल्या बंदूककारांनी एकत्र येऊन १८६१ साली बी.एस.ए. काढली. आपल्या पिढीने सायकलवर वाचलेलं ते नाव मुळात 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स'. बुलेट गाडीची जुनी जाहिरात 'बंदुकीसारखी घडवलेली' असं सांगायची, तीही इथून जवळच्या रेडिचची. आणि याच गल्ल्यांतून अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापारासाठी पेट्या भरभरून बंदुका पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेल्या. हातांचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. १९६० च्या दशकात शहराभोवतीचा रस्ता झाला आणि या वस्तीतला बराच भाग पाडला गेला. आता चार-दोन पाट्या उरल्यात.

प्रूफ हाउस मात्र उभं आहे. १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्याने ते स्थापन झालं आणि आजही चालू आहे. इथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा बराच जास्त दाब देणारं काडतूस उडवतात. नळी टिकली तर छाप, फुगली तर बाद. छाप नसलेली किंवा परीक्षेतून बाद झालेली बंदूक ब्रिटनमध्ये विकणं हा गुन्हा आहे. दोनशे वर्षांची ही शिस्त नसती, तर जुन्या बंदुकांची ही दुनिया केव्हाच संपली असती.

या वर्षी मी ज्या बंदुकीमागे लागले, ती अठराशे ऐंशीच्या सुमाराची. बाहेर दोन घोडे असलेली, दमास्कस नळ्यांची, एका शेतकऱ्याच्या माळ्यावर घोंगडीत गुंडाळलेली सापडली. दमास्कस हे नाव सीरियातल्या शहराचं, पण ही नळी युरोपातली. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या आलटून पालटून रचायच्या, तापवून एकजीव करायच्या, त्यांच्या सळया वेणीसारख्या पिळायच्या, मग त्या पिळलेल्या सळया एका दांड्याभोवती गुंडाळत, तापवत, ठोकत जायचं. शेवटी आतला दांडा काढला की उरते ती नळी. गुंडाळीचा प्रत्येक फेरा बाहेरून दिसतो. शेकडो बारीक कुरळ्या रेषा, एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या पांढऱ्या केसांच्या बटांसारख्या. पहिल्या महायुद्धापर्यंत ही कला इंग्लंडमध्ये जवळजवळ संपली. एकसंध पोलादाची नळी स्वस्त पडू लागली, आणि बिनधुराच्या दारूला दमास्कस टिकत नाही अशी भीतीही पसरली. सगळ्याच नळ्यांना ती भीती लागू नाही, पण प्रत्येक नळीला ती वेगळी तपासून बघावी लागते. नव्याने परीक्षा झाल्याशिवाय आजचं काडतूस तिच्यात घालणं म्हणजे स्वतःच्या डाव्या हाताशी वैर.

काडतुसाच्या लांबीचीही एक फसवणूक आहे. जुन्या बारा बोअरचं घर बहुधा अडीच इंचांचं, म्हणजे ६५ मिलिमीटरचं. आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात अलगद बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. बार उडाला की दुमड उलगडते, पुढच्या अरुंद भागात शिरते आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे चाललं असं नसतं, हे ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. (बारा बोअर म्हणजे काय, हे मीही इथेच शिकले: नळीत बरोबर मावतील अशा गोल गोळ्या ओतल्या, तर एक पौंड शिशात बारा होतात. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर.)

नाद झाला. मग माप. एका लांब दांड्यावर नळी चढवून बाहेरून घड्याळाचा काटा टेकवतात आणि नळी हळूहळू फिरवत, सरकवत नेतात. भिंतीची जाडी कुठे किती, ते काटा सांगतो. सर्वात पातळ जागी इंचाचे वीस सहस्रांश, म्हणजे अर्धा मिलिमीटर, ही जाणकारांनी मानलेली सीमा. दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवली की होते तेवढी जाडी, आणि तिच्या आत स्फोट, बाहेर आपला पंजा. या बंदुकीची डावी नळी एका जागी पंचवीसवर आली. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले.

"कुणीतरी हिला फार चमकवलंय."

तिथून पुढे त्यांनी जे सांगितलं, तोच माझ्या मते या सगळ्या कामाचा गाभा आहे. नळीतलं पोलाद हे मुद्दल आहे. ज्या दिवशी ती पहिल्यांदा घडली, त्या दिवशी जेवढं होतं तेवढंच. त्यात भर कधीच पडत नाही. गंजाचा खड्डा घालवायचा तर खड्ड्याच्या तळापर्यंत सगळीकडचं पोलाद घासून काढावं लागतं. म्हणजे गंजाने एक जागा खाल्ली आणि दुरुस्त करणाऱ्याने बाकीची. दीडशे वर्षांत पाच मालक, पाच वेळा 'नव्यासारखी करून द्या'. प्रत्येकाने आपल्या हौसेपायी थोडं मुद्दल खर्च केलं. त्यांनी या नळीतले दोन बारीक खड्डे तसेच ठेवले. शेतकऱ्याने विचारलं, हे काढणार नाही का? ते म्हणाले, तुझ्या नातवाने काढू दे, त्याला काढावंसं वाटलं तर.

नळीला एक पोचाही होता. तो मात्र काढला. नळीत नेमक्या मापाचा पितळी ठोकळा सरकवला, तो आतून फुगवून पोच्याखाली घट्ट केला आणि वरून छोट्या हातोडीने ठोके दिले. ते मारलेले म्हणावेत इतके जोराचे नव्हते. मूल झोपवताना थोपटतो तसे. पोचा बुजला, पोलाद तेवढंच राहिलं.

मग आली काजळी. हा भाग मी तीन वेळा पाहायला गेले. नळ्यांचं बूड ॲक्शनला कसं टेकतं, यावर दुनळीचं सगळं आयुष्य अवलंबून असतं. तिथे केसभर जरी फट पडली तरी प्रत्येक बाराबरोबर ती वाढते. या बंदुकीतली ही फट भरायला त्यांनी आकड्यावर पोलादाचा पातळ तुकडा चढवला होता, थोडा जास्तच जाड. आता तो उतरवायचा. त्यांनी घासलेटची एक छोटी चिमणी पेटवली, वात मुद्दाम मोठी केली आणि आकडा तिच्या धुरावर धरला. पोलादावर मऊ काळी काजळी बसली. नळ्या ॲक्शनमध्ये घातल्या, दाबून बंद केल्या, उघडल्या. काळ्या पृष्ठभागावर तांदळाच्या कणीएवढी एक जागा चमकत होती. तेवढ्याच जागेवर कानशीचे दोन घास. पुन्हा काजळी, पुन्हा बंद, पुन्हा उघड. आता चमक दोन जागी. सकाळपासून दुपारपर्यंत हेच चाललं. शेवटी उघडलं तेव्हा सबंध आकडा सारखा, एकसमान करडा दिसत होता. आमची आजी तुपाच्या दिव्यावर तांब्याचं ताम्हन उपडं घालून काजळ धरायची, त्याचा वास मला त्या खोलीत आला. ज्या मापाला यंत्र पुरत नाही, तिथे ही माणसं आजही धुरावर विश्वास ठेवतात.

दस्ता अक्रोडाचा. शंभर वर्षांचं तेल आणि घाम शोषून तो काळा पडला होता. तो खरवडायचा नाही, नुसता धुऊन काढायचा आणि मग तेल पाजायचं. तेल जवसाचं. त्यात त्यांनी एका बरणीतून लालभडक मुळ्या टाकल्या होत्या. मी बरणी उघडून पाहिली आणि ओळखलं: ही तर आपल्याकडची रतनजोत, काश्मिरी रस्स्याला रंग देतात ती, किंवा तिची सख्खी बहीण. इंग्लंडचे बंदूककार पिढ्यान्‌पिढ्या अक्रोडाला लाली आणण्यासाठी याच जातीची मुळी जवसाच्या तेलात मुरवत आले आहेत. दोन थेंब तळहातावर घ्यायचे, हात गरम होईपर्यंत चोळायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. दीड महिना.

नळ्यांचा रंग शेवटी. आम्ही आयुष्यभर ज्या गंजाशी भांडतो, तोच इथे मुद्दाम आणतात. नळ्या चुन्याने निवळशंख धुऊन त्यावर औषध पुसायचं, ओलसर कपाटात ठेवायच्या, तांबूस गंज चढला की उकळत्या पाण्यात बुडवायच्या, बारीक तारेने झाडायच्या. रोज एक हात. चौथ्या-पाचव्या दिवशी दमास्कसच्या रेषा वर आल्या, लोखंड गडद आणि पोलाद उजळ. आठव्या दिवशी ती नळी बघून मी काही मिनिटं बोलूच शकले नाही.

बंदूक प्रूफ हाउसला गेली. तीन आठवडे ते कुणाशी धड बोलत नव्हते, असं त्यांच्या पत्नी म्हणाल्या. परत आली तेव्हा जुन्या छापाशेजारी, मुकुटाखालच्या एकमेकांना छेदणाऱ्या दोन राजदंडांशेजारी, एक नवा छाप होता.

डिसेंबरात त्या शेतकऱ्याने मलाही बोलावलं. इथे फेझंटची शिकार १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. मोठ्या जमीनदारीत ती कशी होते, हे मी पाहिलं आहे आणि मला ते पसंत नाही. दरवर्षी कोट्यवधी फेझंट पाळून रानात सोडतात आणि हाकारे घालून ओळीने उभ्या माणसांच्या डोक्यावरून उडवतात. या हव्यासाचा कळस १९१३ च्या डिसेंबरात झाला: हॉल बार्न इथे पाचव्या जॉर्ज राजासह काही जणांनी एका दिवसात जवळजवळ चार हजार पक्षी पाडले. त्याच्या दोन वर्षं आधी दिल्ली दरबारानंतर याच राजाच्या ताफ्याने नेपाळात ३९ वाघ मारले होते. काडतूस आपोआप बाहेर फेकणाऱ्या कळा, एकसारख्या दोन-दोन बंदुकांच्या जोड्या, बंदूक भरून देणारा नोकर, हे सगळं त्या घाईसाठी घडलं. कारागिरी अप्रतिम, हेतू असला.

आमची सकाळ वेगळी होती. एक माणूस, एक स्पॅनियल कुत्री, मागे मी. दहिवराने कडक झालेली मक्याची धसकटं आणि बांधावर आमच्याकडच्या वईसारखी काटेरी झुडपं. घोड्यांची बंदूक भरून चालता येते, पण घोडे चढवून चालत नाहीत. पक्षी उठला की अंगठ्याने घोडा ओढायचा, तेवढ्या वेळात पक्षी दूर जातो, आणि बरेचदा गेलेलाच बरा. चार तासांत सात पक्षी उठले. त्याने तीन बार काढले. पहिला फुकट गेला. दुसऱ्याला एक नर झाडासारखा कोसळला. तिसरा पडला तो जखमी होऊन, आणि कुत्रीने तो काट्यांतून शोधून आणेपर्यंत त्या माणसाने पुढचं पाऊल टाकलं नाही. अर्धा तास. जखमी टाकून जायचं नाही, हा त्याचा नियम. मी हे मरण पाहिलं आणि मला ते सोपं गेलं नाही. पण दुकानातल्या कोंबडीचं मरण मी कधीच पाहत नाही, हेही त्या अर्ध्या तासात मला टोचत राहिलं.

काडतुसात शिसं नव्हतं. पाणथळीतली बदकं तळाशी पडलेले शिशाचे छर्रे खडे समजून गिळतात, ते त्यांच्या पोटात दळले जातात आणि पक्षी विषाने झिजून मरतो. इंग्लंडने १९९९ मध्येच पाणपक्ष्यांवर शिसं वापरायला मनाई केली, आणि २०२५ च्या जुलैत ब्रिटिश सरकारने तीन वर्षांची मुदत देऊन शिशाच्या छऱ्यांवर जवळजवळ सरसकट बंदी जाहीर केली. बंदी योग्यच आहे. पण शिशाऐवजी पोलादाचा छर्रा आला, तर तो कठीण असतो आणि या पातळ नळ्यांना सोसत नाही. उरतो बिस्मथ. तो शिशासारखा मऊ, त्याहून हलका, म्हणून छर्रा एक नंबर मोठा घ्यायचा. आणि तो शिशापेक्षा कितीतरी महाग. बंदुका नीट करणाऱ्या त्या गृहस्थांना त्याचं वाईट वाटत नाही. "काडतूस महाग झालं की माणूस नेम धरायला शिकतो," ते म्हणाले. त्यांना काळजी आहे ती वेगळी: खर्चाला कंटाळून लोक या बंदुका भिंतीवर टांगतील, आणि टांगलेल्या बंदुकीला कुणी टिचकी मारून बघत नाही.

ते ऐकताना मला आमच्या घरातली रिकामी खुंटी आठवली. १९९० च्या विधानसभा निवडणुकीआधी सगळ्यांच्या बंदुका जमा झाल्या, तशी आजोबांचीही झाली. कित्येक महिन्यांनी परत मिळाली तेव्हा ती पावसाळाभर ओल्या भिंतीला टेकून उभी होती, हे तिच्या एका बाजूने सांगितलं. आजोबांनी खोबरेल तेल लावलं, राख लावली, चिंच लावली. नळीचं तोंड डोळ्याला लावून उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ पाहत राहिले. त्यानंतर त्यांनी ती कधी उडवली नाही. ते गेल्यावर परवाना कुणी पुढे नेला नाही आणि बंदूक कायमची जमा झाली. आज वाटतं, तो गंज वरवरचा होता की खोल, हे सांगणारं एक माणूस जिल्ह्यात असतं, तर आजोबांनी तिला असं मनातून टाकलं नसतं.

शेतकऱ्याने दोनांपैकी एक फेझंट मला दिला. घरी सोलून, तुकडे करून, कुडाळहून आलेला मालवणी मसाला आणि भाजलेलं खोबरं घालून रस्सा केला. मांस घट्ट, थोडं उग्र. दुसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी आलं. मोहरीपेक्षा थोडा मोठा, करडा, एका बाजूने चपटा झालेला छर्रा. मी तो बशीच्या काठावर टाकला. बारीकसा आवाज झाला. माझी लेक जेवता जेवता थांबली, बशी स्वतःकडे ओढून घेतली आणि छर्रा उचलून पुन्हा एकदा टाकून बघितला.